विषय: उत्तर: डाउनटाउनच्या पिटिशनवर सह्या हव्यात

प्रेषक: डाउनटाउनची ताई

नमस्कार मंडळी,
इथे अटलांटाच्या डाउनटाउनमध्ये आमच्या बिल्डिंगशेजारचं जुनं हॉटेल घेऊन तिथे बेघर लोकांसाठी खोल्या करायचं चाललंय. बिल्डिंगवाल्यांनी त्याविरुद्ध पिटिशन काढलंय, मंडळातून सह्या मिळतील का असं मला विचारलंय. मला कोणाचं वाईट व्हावं असं वाटत नाही हो, पण मागच्या महिन्यात मुलाला शाळेत सोडायला निघाले तर गराजच्या जिन्यात एक माणूस झोपलेला, मुलगा इतका घाबरला की अजून एकटा खाली उतरत नाही. २०२६ चा फुटबॉल वर्ल्ड कप येतोय, गल्चमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या त्या रुळांच्या आणि पार्किंगच्या खोलगट जागेत, सेंटेनियल यार्ड्सचा मोठा बांधकाम प्रकल्प उभा राहतोय, मग हे इथेच कशाला? रविवारपर्यंत सही कराल का?

---

प्रेषक: डेकेटरचा दादा

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. त्याची भीती खरी आहे. पण मी सही करणार नाही, का ते जरा लांबण लावून लिहितो, कारण मी या गावात ९४ पासून आहे आणि हे तिसऱ्यांदा बघतोय.

पहिलं ऑलिंपिकच्या वेळी, १९९६. टेकवूड होम्स म्हणजे या देशातली पहिली सरकारी वसाहत, १९३६ ची, ती पाडली आणि बेघरांच्या हातात गावाबाहेर जायची वन-वे तिकिटं ठेवली. सेंटेनियल पार्कात आपण मुलांना कारंजी दाखवायला नेतो ना, ते तेव्हाचंच.

दुसरं पीचट्री-पाइन, बेघरांचं मोठं शेल्टर. हॉस्पिटलच्या शेजारी, ऐन पीचट्री स्ट्रीटवर, त्यामुळे ती जागा कितीतरी जणांच्या डोळ्यांत खुपायची. तिथे मी काही वर्षं शनिवारी वाढायला जायचो. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या शर्टाच्या आत झिपलॉकची पिशवी असायची, तीत बर्थ सर्टिफिकेट, सोशल सिक्युरिटीचं कार्ड आणि फोन नंबर लिहिलेला एक कागद. जेवताना ती पिशवी काढून मांडीवर ठेवायचे, हात पुसायचे आणि परत आत. मी विचारलं तर म्हणाले की एकदा तंबू उचलला तेव्हा सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. आयडी काढायला बर्थ सर्टिफिकेट लागतं, ते मागवायला आयडी लागतो, आणि खोलीसाठी दोन्ही. आपल्याकडे रेशनकार्ड हरवल्यावर माणूस कसा खेटे घालतो, तसंच, फक्त यांना खेटे घालायला घरसुद्धा नाही. त्यात त्यांचे नऊ महिने गेले होते. म्हणून मला ‘इथून हलवा’ हा शब्द हलका वाटत नाही, हलवलं की माणूस परत शून्यावर जातो.

बऱ्याच वर्षांच्या कोर्टबाजीनंतर ९७ लाख डॉलरमध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये शेल्टर बंद झालं. इमारत डाउनटाउनच्या धंदेवाल्यांच्या संस्थेकडे गेली, पुढे इमोरी विद्यापीठाकडे.

आणि तिसरं आत्ताचं. जानेवारी २०२५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग डेच्या तोंडावर, किंग यांच्याच एबेनेझर चर्चपासून हाकेच्या अंतरावर बेघरांचे तंबू काढताना एक माणूस आत होता आणि तो पालिकेच्या मशीनखाली गेला. तंबूत कोणी आहे का एवढं वाकून बघायचं होतं हो.

---

प्रेषक: जॉन्स क्रीकची वहिनी

दादा, तुमचं पटतं, पण पीचट्री-पाइनबद्दल एवढा हळवेपणा नको. मी नर्स आहे. २०१४ च्या सुमारास इथल्या शेल्टर्समध्ये टीबी पसरला होता, तोही नेहमीच्या एका औषधाला दाद न देणारा. एका हॉलमध्ये शेकड्यांनी माणसं खाली झोपवायची आणि त्याला निवारा म्हणायचं हे मला मान्य नाही. आमच्याकडे हिवाळ्यात बेघर लोक खराब झालेले पाय दाखवायला येतात, ओले मोजे दोन-दोन आठवडे काढलेले नसतात, काढताना कातडी सोबत येते. त्या माणसाला मी मलम लावून परत रस्त्यावर सोडते, कारण सोडायला दुसरी जागा नसते, आणि आठवड्यानं तो परत येतो.

म्हणूनच ताई, हॉल नको पण खोली हवी. फोर्सिथ स्ट्रीटवर ‘मेलडी’ बघून या, कोविडच्या वेळचे कंटेनर वापरून ४० घरं केलीत, प्रत्येकाला आपलं दार, आपला बाथरूम. तुमच्या शेजारी होणार आहे ते असलंच काहीतरी असेल तर त्या जिन्यातल्या माणसाला जिन्यात झोपावंच लागणार नाही.

---

प्रेषक: अल्फरेटाचे आजोबा

मी लालबागचा. एकच सांगतो. मुंबईत १९९१ चा नियम ५८ होता, गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग म्हाडाच्या घरांना, एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, उरलेला मालकाला. आम्हाला वाटलं झालं. २००१ ला नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, शेड उभी असलेली जमीन त्यात धरायचीच नाही. आमच्या वाट्याला काय उरलं ते सांगायला नको. माझ्या भावानं बावीस वर्षं साचे चालवले आणि तो शेवटी विरारला गेला.

सेंटेनियल यार्ड्सला शहरानं २०१८ ला १९० कोटी डॉलरपर्यंत पब्लिक फायनान्सिंग मंजूर केलं. एवढं देता येतं ना, मग खोल्या किती, कुठे आणि कधी, हे कागदावर घ्या. तोंडी काही घेऊ नका.

---

प्रेषक: डाउनटाउनची ताई

सगळ्यांचे मेल दोनदा वाचले. पिटिशनची लिंक मी काढून टाकतेय, बिल्डिंगमध्ये काय बोलायचं ते माझं मी बघते. पण वहिनी, भीती अजून गेली नाहीये, रात्री तिथे कोण असणार, काही झालं तर फोन कोणाला करायचा, हे मला कोणीतरी तोंडावर सांगायला हवं.

मंगळवारी संध्याकाळी सहाला त्याच हॉटेलबद्दल मीटिंग आहे. माझे तीन प्रश्न: खोल्या किती, रात्री माणूस कोण, आणि खोल्या तयार व्हायच्या आत तंबू उचलणार का. आजोबा, चौथा तुमचा, हे सगळं लेखी देणार का. मी अशा ठिकाणी कधी उभी राहून बोललेली नाहीये, दादा तुम्ही याल का? साडेपाचला सिव्हिक सेंटर स्टेशनच्या दाराशी थांबते, मुलगाही असेल बरोबर.