मुरुडला (दापोली) १७ ते १९ एप्रिल: गुडघे दुखणारी आई आणि पाण्यासाठी वेडी मुलं, नियोजन कसं करू?

सिंहगडरोडकर

नमस्कार. आम्ही नऊ जण आहोत. मी, नवरा, आमची दोन मुलं (वय ११ आणि ७), सासूबाई, आणि ठाण्याहून नणंद, तिचे यजमान व त्यांच्या दोन मुली. मुलांच्या परीक्षा १६ एप्रिलला संपतात. १७ ला शुक्रवारी निघून रविवारी १९ ला रात्री परत, असा विचार आहे. जायचंय ते दापोलीजवळच्या मुरुडला. हे आधीच सांगते, कारण ओळखीत ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी मला जंजिऱ्याची माहिती पाठवली.

ठिकाण आणि तारीख दोन्ही आईंनी (सासूबाईंनी) ठरवलंय. त्या ७७ वर्षांच्या आहेत. पाचवीपासून हिंगण्याला वसतिगृहात राहून शिकल्या. तेव्हा तिथल्या स्त्रीशिक्षण संस्थेचे संस्थापक अण्णा (महर्षी धोंडो केशव) कर्वे हयात होते, शंभरी ओलांडलेले. आईंनी त्यांना संस्थेच्या आवारात पाहिलेलं आहे. घरात शिकलेली पहिली मुलगी म्हणजे आई. त्यामुळे अण्णांचं मुरुड एकदा बघायचं हे त्यांच्या मनात कित्येक वर्षं आहे, आणि १८ एप्रिल हा अण्णांचा जन्मदिवस (१८५८). ‘त्या दिवशी तिथे असलो तर बरं’ एवढंच म्हणाल्या. त्या सहसा काही मागत नाहीत, म्हणून हे नीट जमावं असं मला फार वाटतंय.

अडचणी अशा:

एक तर आईंचा डावा गुडघा. काठी घेऊन सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालतात. पायऱ्या जवळजवळ नाहीतच.

मुलांना मात्र समुद्र म्हणजे दिवसभर पाण्यात. एप्रिलमध्ये समुद्र कसा असतो? मी पुण्याची, मला पाण्यातलं काही कळत नाही आणि भीती वाटते.

आई शाकाहारी, नणंदेच्या घरी मासे लागतातच.

बघायच्या यादीत सध्या वेळासची कासवं, सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचं केशवराज, पन्हाळेकाजीची लेणी, हर्णैचा लिलाव आणि उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडं एवढं आहे. जास्त होतंय का?

---

भटकभवानी

तारीख बदलता येत असेल तर बदला. कालनिर्णय बघा, १७ एप्रिलला अमावस्या आहे. म्हणजे तुमचे तिन्ही दिवस उधाणाचे. मुलांना पाण्यात खेळवायचं तर अष्टमीच्या आसपास जावं, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत-उतरत नाही. २४ ते २६ एप्रिल शुक्रवार ते रविवारच येतोय, अष्टमी ते दशमी. शिवाय १९ ला अक्षय्यतृतीया आहे, त्यामुळे गर्दीही असेल.

यादी जास्त होतेय, हो. पन्हाळेकाजी आणि उन्हवरे आत्ताच काढा.

---

वळणावळणाने

फक्त रस्त्याबद्दल लिहितो. पुण्याहून ताम्हिणी–माणगाव–आंबेत–मंडणगड–दापोली हा मार्ग घ्या. महाबळेश्वर–आंबेनळी–पोलादपूर–खेड हाही आहे, कशेडीच्या बोगद्यामुळे पुढचा घाट आता टळतो, पण एप्रिलच्या शनिवार-रविवारला जोडून वाई-पाचगणीत अडकलात तर दोन तास तिथेच गेले. वरंधा घाटाचा विचार ज्येष्ठ माणूस बरोबर असताना करू नका.

ताम्हिणीतून सहा तास धरा. पाच तासांत पोहोचतो म्हणणारे थांबत नाहीत. तुम्हाला थांबावं लागेल, गुडघा एकाच स्थितीत राहिला की उतरताना जास्त दुखतो. पहाटे साडेपाचला निघा. आईंना पुढच्या सीटवर बसवा, पाय लांब करता येतात आणि वळणांचा त्रासही कमी होतो. मुलांना मंडणगडपर्यंत पोटभर खायला देऊ नका.

ठाणेकरांनी रेल्वेने खेड गाठावं. सकाळची मांडवी एक्सप्रेस खेडला थांबते. पुढे दापोलीला एसटी आहे, पण चार माणसं आणि सामान असेल तर गाडी आधीच सांगून ठेवा.

---

मुरुडची माहेरवाशीण

ताई, तारीख बदलू नका. त्या वयाच्या बाईने मागितलेला दिवस आहे तो. भटकभवानींनी सांगितलेलं भांगाचं गणित बरोबर आहे, माझ्या भावाची मुलं लहान असताना आम्हीही अष्टमीच बघायचो. पण उधाणाच्या दिवसांतही मुलं पाण्यात जातात. फक्त दिवसाचा क्रम समुद्राप्रमाणे लावावा लागतो. तोच लावून देते.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढं सोडून द्यायचं. १८ ला प्रतिपदा आहे, म्हणजे पाऊण वाजता भरती. सकाळी साडेसहा-पावणेसातला पाणी पूर्ण खाली गेलेलं असेल, तिथून चढायला लागेल आणि दुपारनंतर पुन्हा उतरेल.

मुलांना पाण्यात न्यायचं ते पाणी चढत असताना, उतरत असताना नाही. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. वरून शांत दिसतं आणि पायाखालची वाळू काढून घेतं. आमच्या किनाऱ्यावर जे अपघात झालेले मी ऐकलेत ते बहुतेक संध्याकाळचे, बाहेरगावच्या मुलांचे. ‘आता पाणी कमी आहे’ म्हणून आत आत गेलेले. हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण याबाबतीत मी कुणाचंही मन राखत नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी आठ ते साडेदहा मुलं पाण्यात. पाणी चढतंय, ऊन अजून चटके देत नाही. उधाण आहे म्हणून सात वर्षांच्याला गुडघ्यापर्यंत, अकराच्याला कमरेपर्यंत, बस्स. एक मोठं माणूस मुलांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहील, किनाऱ्यावर छत्रीखाली बसून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. आणि जिथे स्थानिक लोक उतरतात तिथेच उतरा. खाडीच्या तोंडाशी, खडकांजवळ अजिबात नाही.

साडेदहाला सगळे घरी. आंघोळ, जेवण, झोप. एप्रिलच्या दुपारी तिथे घामाने जीव नकोसा होतो, दुपारी कुठेही फिरायला निघू नका.

संध्याकाळ आईंची. साडेपाचला त्यांना किनाऱ्यावर घेऊन जा. पाणी उतरत असेल, पावणेसातच्या सुमाराला अगदी लांब गेलेलं असेल, आणि सूर्यास्तही त्याच वेळचा आहे. मुरुडची वाळू ओली असताना घट्ट असते, काठी रुतत नाही. त्रास होतो तो कोरड्या वाळूच्या पट्ट्यात, वाडीतून बाहेर पडल्यावर लागते ती. तेवढ्या टप्प्यात दोघांनी दोन बाजूंनी धरा आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची बरोबर न्या. कुठलंही घर देतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास गेल्याचा फायदा हाच, की संध्याकाळी एवढी मोठी ओली वाळू मिळते. अष्टमीला संध्याकाळी सहाला पाणी वरपर्यंत आलं असतं आणि आईंना कोरड्या वाळूतच बसावं लागलं असतं. मुलं तेव्हा वाळूत किल्ले करतील, शंख-शिंपले गोळा करतील, पाण्यात नाही जाणार. हे त्यांना पुण्यातून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.

आता राहण्याचं. मुरुडची रचना फार छान आहे. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूला घरं, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडीच्या मागच्या दारातून थेट किनाऱ्यावर जाता येतं. असंच घर घ्या. फोनवर विचारायचं ते हे: खोली तळमजल्यावर आहे का, जोत्याला पायऱ्या किती, कमोड आहे का, खाट किती उंच आहे, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. उन्हाळ्यात वीज जाते. ‘सी व्ह्यू’च्या मोहात पहिल्या मजल्यावरची खोली घेऊ नका.

जेवणाचं: मुरुडला पुष्कळ घरांत फक्त शाकाहारी मिळतं. आईंना ते मानवेल. आदल्या रात्री सांगून ठेवलंत तर उकडीचे मोदक, ओल्या काजूगरांची उसळ, सोलकढी, सकाळी घावन. काजूगर त्या सुमाराला संपत आलेले असतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारा. रविवारी अक्षय्यतृतीया, म्हणजे आमरस मागायला लाजू नका. मासे खाणाऱ्यांनी कर्द्याला किंवा हर्णैला जेवावं, दोन्ही जवळ आहेत. शाकाहारी घरात बाहेरून मासे आणून करून मागू नका, एवढी विनंती.

बघायचं काय:

कर्व्यांचं स्मारक आणि दुर्गादेवीचं मंदिर दोन्ही गावातच आहेत. मंदिराचे कोरीव लाकडी खांब आईंना निवांत बघू द्या. ही शनिवारी सकाळची गोष्ट, मुलं पाण्यात असताना. एकाने मुलांबरोबर जायचं, एकाने आईंबरोबर. पण स्मारकापाशी मुलांनाही दहा मिनिटं आणा. परीक्षेसाठी याच गावातून चालत साताऱ्याला गेलेला मुलगा, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलाने तिथेच उभं राहून ऐकावी. आणि ती आजीने सांगावी.

आंजर्ल्याच्या गणपतीला पायऱ्या आहेत, पण गाडीचा रस्ताही वर जातो. उजव्या सोंडेचा गणपती. शुक्रवारी पोहोचून जेवल्यावर साडेचारला निघालात तर होईल. किंवा रविवारी परतीच्या वाटेवर, कारण मंडणगडकडे तिथूनही जाता येतं.

हर्णैचा लिलाव बघाच. चारनंतर होड्या येतात, बैलगाड्या पाण्यात जाऊन मासे आणतात, मुलं बघत राहतील. आईंना गाडीतच बसू द्या, खाली ओलं आणि निसरडं असतं. लिलावात आपल्याला काही घेता येत नाही, बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्या. इतका भाव करू नका की त्यांना राग येईल.

सुवर्णदुर्गाला २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाचा मान मिळालाय, त्यामुळे आता सगळ्यांना तिथे जायचं असतं. पण होडीतून पाण्यात उतरावं लागतं. आईंना नकोच. मुलांच्या वडिलांनी मोठ्या मुलांना घेऊन जावं, तेही होडीवाला म्हणेल त्या वेळी आणि अंगात लाइफ जॅकेट घालून. जमलं नाही तर हर्णैला कनकदुर्गावरून तो छान दिसतो.

केशवराज राहू द्या. पोफळीच्या बागांतून जाणारी वाट अतिशय सुंदर आहे, पण चढ आणि पायऱ्या आहेत. आईंना खाली एकटं ठेवून नऊपैकी आठ जण वर जाणार असाल तर त्या दिवसाला अर्थ नाही.

वेळासही राहू द्या. एप्रिलच्या मध्याला पिल्लं निघतीलच असा भरवसा नसतो, आणि मुरुडहून जायला दीड तास तरी लागतो. पिल्लं सोडतात सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. सकाळचं बघायचं तर अंधारात निघावं लागेल. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन हे काम उभं केलं, त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये मुद्दाम वेगळे या, वेळासलाच गावातल्या घरात राहा. घाईत उरकायची गोष्ट नाही ती.

---

भटकभवानी

संध्याकाळच्या ओल्या वाळूचा विचार मी केलाच नव्हता. अष्टमीचा आग्रह मागे घेते. फक्त एक जोडते: कर्द्याच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत नेऊ नका. ओहोटीला वाळू घट्ट वाटते, लोक गाडी घालतात, आणि भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरतात.

---

सिंहगडरोडकर

माहेरवाशीण ताई, तुमचा प्रतिसाद मी आईंना मोठ्याने वाचून दाखवला. साताऱ्याची गोष्ट आली तिथे त्यांनी मला थांबवलं आणि पुढची स्वतःच सांगितली.

दोन शंका. रविवारी सकाळी मुलांना पुन्हा पाण्यात नेता येईल का? आणि शुक्रवारी पोहोचल्यावर त्यांना थोपवायचं कसं? दुपारी बाराला समुद्र समोर दिसणार.

---

मुरुडची माहेरवाशीण

रविवारी सकाळी तिथी द्वितीया, म्हणून भरती दीडला. पाणी साडेसातपासून चढेल. साडेआठ ते दहा न्या, मग आंघोळ, आमरसाचं जेवण आणि दीडपर्यंत निघा. म्हणजे ताम्हिणी उजेडात पार होईल.

शुक्रवारी बाराला पूर्ण भरती असेल, लाटा वाडीच्या कुंपणापर्यंत. मुलांना मागच्या दारातून पाणी दाखवा, पाय भिजवायचेही नाहीत. जेवून झोपवा. साडेचारला त्यांना हर्णैच्या लिलावाला न्या, आंजर्लं मग रविवारी वाटेवर. हर्णैहून सहाला परत या. पाणी तेव्हा लांब गेलेलं असेल, ओल्या वाळूत पळू द्या. एक चेंडू न्या.

आणि घरमालकांना बुकिंगच्या वेळीच सांगा की आई हिंगण्याच्या विद्यार्थिनी आहेत आणि १८ तारखेसाठी येताहेत. गावातली जुनी माणसं त्यांच्याशी बोलायला येतील. आमच्याकडे अजून अण्णांबद्दल सांगणारे आहेत.

---

सिंहगडरोडकर

सांगितलं. ज्यांचं घर घेतलंय त्या काकू म्हणाल्या, स्मारकापाशी मी स्वतः घेऊन जाईन त्यांना, सकाळी नऊला, ऊन चढायच्या आत. तळमजला, जोत्याला दोनच पायऱ्या, कमोड आहे, इन्व्हर्टर आहे. काजूगर मिळाले तर करते म्हणाल्या. वेळास, केशवराज, लेणी, कुंडं सगळी यादीतून काढली.

मुलांच्या आणि समुद्राच्या मध्ये कोण उभं राहणार ते ठरलं: शनिवारी नवरा, रविवारी नणंदेचे यजमान. शनिवारी मी आईंबरोबर. नणंदेची मांडवीची तिकिटं साठ दिवस आधी, म्हणजे १६ फेब्रुवारीला उघडतील, सकाळी आठला ती बसणार आहे. खेडहून मुरुडपर्यंत चार माणसांसाठी भरवशाचा गाडीवाला कुणाला माहीत असेल तर कृपया निरोपात कळवा, इथे उघड नंबर नको.