थर्टीफर्स्टला नागावला जावं की नको? दारू सोडून ९ महिने झालेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

धुळवडीच्या रात्री घरात जे झालं ते इथे नाही लिहीत. दुसऱ्या दिवशी बायकोने व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, तिथे महिनाभर राहिलो, मग फॉलोअप आणि आठवड्यातून दोनदा एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग. गटारीला दिवसभर घरात झोपून काढलं, गणपती निघाले, भाऊबीजेला दाजींनी ग्लास पुढे केला तेव्हा अॅसिडिटीची औषधं चालू आहेत म्हणालो, तेही निभावलं.

आता थर्टीफर्स्ट. गेली १२ वर्षं आम्ही सगळी मावस-मामेभावंडं आणि ताई-दाजी मिळून नागावला बंगला घेतो, हल्ली गाड्या रोरो बोटीत घालून भाऊच्या धक्क्यावरून मांडवा आणि तिथून पुढे. बॉक्स, बर्फ, सोडा, चखणा सगळं माझ्याकडे असायचं. चुलीवर मटण चढलं की पहिला राउंड मीच भरायचो, कोणाला पाणी कोणाला सोडा मला अजून तोंडपाठ आहे. यंदा पण दाजींनी ग्रुपवर टाकलं, बार तुझ्याकडे, आणि मी मूर्खासारखा अंगठा दिला. मुलगी ७ वर्षांची आहे, तिने वाळूची बादली आत्तापासून बॅगेत भरून ठेवलीय, तिला नाही कसं म्हणू.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, ती कोणालाच सांगितलेली नाही. मला डायसल्फिरमची गोळी चालू आहे, ती घेतल्यावर दारू प्यायली की त्रास होतो, सकाळी चहाआधी बायको स्वतः हातावर ठेवते. परवा ती जिभेखाली धरली आणि बेसिनमध्ये थुंकून नळ सोडला. काल पण. डॉक्टर म्हणाले होते की गोळी थांबवली तरी दोन आठवडे दारू लागली तर रिअॅक्शन येऊ शकते, आणि काल १७ तारीख होती. हिशोब माझ्या डोक्यात कधी झाला मला कळलंच नाही, हात थरथरत होते.

जाऊ का नको? आणि दाजींना काय सांगू? ते वडिलांच्या जागी आहेत मला.

प्रतिसाद १
मित्रा, मला ११ वर्षं झाली. स्लिप, म्हणजे परत पिण्याकडे घसरणं, ३१ ची वाट बघत नाही रे, तुझी परवा बेसिनपाशीच सुरू झालीय, पण तू इथे येऊन बोललास हे फार मोठं केलंस. आज रात्रीच बायकोला सांग, स्पॉन्सरला (एएतल्या तुझ्या जुन्या जाणत्या सोबत्याला) फोन कर, उद्या डॉक्टरांकडे जा. फोन करायला कोणीच नसलं तर १४४४६ हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे. नागाव यंदा सोड. पहिलं वर्ष मी लग्नं, हळदी, सगळं सोडलं होतं, लोक रागावले आणि विसरले. आमच्या ग्रुपची ३१ ला रात्री मीटिंग असते, तुझ्या ग्रुपला विचार, नसेल तर तूच ठेवायला लाव. आणि अॅसिडिटी वगैरे बंद कर, अॅसिडिटी बरी झाली की ग्लास परत समोर येतो.

प्रतिसाद २
दादा, मी बायकोच्या बाजूने लिहिते, आमच्या ह्यांना ४ वर्षं झाली. तिला संशय आलाच असेल, आम्हाला नळाच्या आवाजावरून पण कळतं हो. ती चिडेल, चिडू दे, पण लपवलेलं तिला जास्त लागेल. मुलीला १ तारखेला सकाळी अलिबागला नेऊन आणा तुम्ही तिघंच, तिला समुद्र हवाय, बंगला नाही. आणि गोळी चालू असताना रम घातलेला प्लम केक, कफ सिरप, सगळं बघून घ्या, ह्यांना एकदा सिरपनेच त्रास झाला होता.

धागाकर्ता
दोघांचे खूप आभार. बायकोला सांगितलं. बराच वेळ काहीच बोलली नाही, मग आजची गोळी वाटीत पाण्यात विरघळवून समोर आणून ठेवली आणि शेजारी बसून राहिली. घेतली. उद्या ११ ला डॉक्टरांकडे जातोय, ती पण येतेय. दाजींचा फोन लागत नाहीये, जेवण झालं की परत लावतो.