अनुभव धागा: थोडक्यात झालेली चवथ (गणेश चतुर्थी)

डिचोलीकर
काल बाजारात माटोळीचं (गणपतीच्या वर छताला फळं-पाला बांधतात ती) सामान बघत फिरत होतो. एका बाईकडे केवणीच्या सालीच्या जुड्या विकायला होत्या. केवणीचे दोरसुद्धा आता विकत! आणि एकदम 2012 ची चवथ आठवली.

तेव्हा आमचा ट्रक खाणीवर होता. 10 सप्टेंबरला गोवा सरकारने खाणी बंद केल्या आणि 19 ला चवथ. ट्रक दारात उभा, हप्ता डोक्यावर. बाबांनी सांगून टाकलं, माटोळीला यंदा विकतचं काही येणार नाही. आई गप्प. आजीला मात्र भलताच हुरूप आला. दुसऱ्या दिवशी मला आणि चुलतभावाला घेऊन, हातात कोयता, निघाली डोंगरावर. कवंडळं कुठल्या कुंपणावर चढतात, घागऱ्या कुठे, कांगल्या कुठे, माटोळीच्या रानफळांचं सगळं तिला पाठ. तोडण्याआधी झाडाला हात लावून काहीतरी पुटपुटायची आणि वेलीवर थोडी फळं ठेवायचीच. मी म्हटलं, आजी, ती पण घेऊ ना. म्हणाली, "ती रानाची."

बाबा अंगणात बसून केवण सोलत होते. ट्रक असताना चवथीच्या आदल्या दिवशी ते घरात कधी दिसलेच नव्हते! परसातली नारळाची पेंड (घड), सुपारीचे घोस, एक तोरिंजन, आंबाडे. छत भरलं. वाण्याकडून गूळ-तांदूळ आणले तर त्याने वही उघडलीच नाही, "चवथ जाऊ दे" म्हणाला. फटाके नव्हते, त्यामुळे काकांचं घुमट (मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य) पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

तुमच्याकडे असा एखादा सण झाला असेल तर लिहा. चवथच पाहिजे असं नाही.

फोंड्याची सून
वज्यावरून (माहेरून मुलीच्या सासरी जाणारी सणाची भेट) लिहिते. लग्नानंतरची पहिली चवथ, वडील नुकतेच आजारातून उठलेले, आणि वजें पाठवायचं टेन्शन. सासूबाईंनी आपणहून फोन केला. "भाऊ, पाच नारळ, एक चिबूड आणि परसात जें कितें आसा तें. चड हाडलें जाल्यार परत धाडटलें." (जास्त आणलं तर परत पाठवीन.) वडिलांनी फोन ठेवला आणि डोळे पुसले, मी बघत होते. आता आमच्या वाड्यावर वज्याला टेम्पो येतो आणि आधी त्याचा व्हिडिओ निघतो. असो, कुकर झाला, येते.

कागदी बाप्पा
आमचा कागदाचा. मूर्तीच नाही तर खर्च कसला!

म्हापशेकार
@कागदी बाप्पा म्हणजे कसं? जरा सांगा की.

कागदी बाप्पा
चित्र पुजतो. जुनी माणसं सांगतात, इन्क्विझिशनच्या काळात (1560 ते 1812) मूर्ती घरात ठेवणं जिवावरचं होतं, कागद घडी घालून लपवता यायचा. कुणाकडे पत्री पुजतात. नंतर बंदी गेली पण घराण्याने रीत सोडली नाही. माझा मुलगा लहानपणी रडायचा, शेजाऱ्यांचा केवढा मोठा, आपला भिंतीवर. आता तोच मुंबईहून येतो आणि फ्रेमची काच पुसायचा मान कुणाला देत नाही.

सांगेचो ट्रकवालो
डिचोलीकर, तुमचं वाचून पोटात कालवलं. आमचं 2012 निभावलं कसंबसं, पण 16 मार्च 2018 ला परत बंद. ट्रक विकला. बायकोने त्या चवथीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ऑर्डरी घेतल्या, मी कातण फिरवायला. ट्रकचं स्टिअरिंग धरलेल्या हाताने नेवरीची कड कातरणं म्हणजे काय ते मला विचारा. पहिल्या घाणीतल्या निम्म्या तेलात फुटल्या. फुटलेल्या आम्हीच खाल्ल्या, तेवढंच गोडधोड त्या वर्षी. आजही ऑर्डरी चालू आहेत. कृपा त्याची, आणि तिची.

म्हापशेकार
फुटलेली नेवरी जास्त चांगली लागते, चून (आतलं सारण) बाहेर येऊन करपतं ना थोडं 😄

साळगावची शीला
चवथीचं नाही, नाताळचं. शेजारच्या आंटीकडून दरवर्षी कुस्वाद यायचा. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या, कुलकुल, मोठ्या ताटात क्रोशाचा रुमाल घालून. मुलं परदेशात, अंकल गेले, त्या वर्षी मला वाटलं आता कुठलं येतंय. तर 24 ला संध्याकाळी काठी टेकत स्वतः आल्या. वाटीभर कुलकुल. "हात कांपता गो, फणीचेर वळूंक जायना," म्हणून काट्याच्या चमच्यावर वळलेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. आमच्या पोरांनी एक एक मोजून वाटून घेतले. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून मी साखर घातली तर रागावल्या, मला डायबेटिस आहे म्हणून! शेवटी परसातली भेंडी दिली.

पर्वरीची
विषयांतर, माफ करा. पातोळ्यांना हळदीची पानं कुणाकडे आहेत का? कुंडीतली गोगलगायींनी खाल्ली.

तारवटी
2020 ची चवथ, 22 ऑगस्ट. जहाजाच्या नोकरीवरून घरी बसलेलो, पगार नाही. वडलें घर (घराण्याचं मूळ घर) बंद, कारण पंचवीस-तीस माणसं जमवायची कशी? फक्त मी आणि म्हातारे काका. पंचपक्वान्नं कुठली, खतखतें (मिश्र भाज्यांचं) आणि भात. आरतीला काकांना सगळी कडवी येतात हे तेव्हा कळलं, एरवी गर्दीत ते नुसते टाळ वाजवायचे. काका गेल्या वर्षी गेले. आरत्या मी फोनवर रेकॉर्ड केल्यात.

फोंड्याची सून
@तारवटी 🙏 जपून ठेवा. दुसरीकडे पण कॉपी करा.

घुमटवेडो
डिचोलीकरांच्या काकांचं घुमट कसल्या कातड्याचं? जुनं असेल तर घोरपडीचं, ते आता कायद्याने चालत नाही. आम्ही बकऱ्याचं लावतो. 2019 ला घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं तेही त्यानंतरच.

डिचोलीकर
@घुमटवेडो आता बकऱ्याचंच. काका म्हणतात आवाज बसका येतो. पण काकांचाही येतो.

घुमटवेडो
उन्हात तापवा. काकांना नको, घुमटाला.

केपेची माई
@पर्वरीची आमच्या विहिरीकडे हळदीचं रान माजलंय. माझा भाचा शनिवारी पणजीला येतो, त्याच्याकडे जुडी देते. पैसे विचारू नकोस.

पर्वरीची
माई, देव बरें करूं! बदल्यात काय पाठवू?

केपेची माई
विसर्जनानंतर चांगला इसवण (सुरमई) मिळाला तर भाच्याकडे दे. श्रावणभर तोंड आळणी झालंय.