मिशनरी आणि इतर धर्मांची गाठभेट: वाचायला सुरुवात कुठून करू?

पानगळ: कॅथलिक मिशनरी दुसऱ्या धर्माच्या लोकांसमोर बसले तेव्हा नक्की काय बोलणं झालं यावर वाचायचंय. नुसतं कौतुक नको, नुसत्या शिव्याही नकोत. त्या काळातलंच लेखन असेल तर फारच छान.

शाईचा_डाग: अकबराच्या दरबारापासून करा. १५८० ला गोव्याहून फादर अक्वाविवा, मॉन्सेरात वगैरे जेझुइट (एका कॅथलिक संघाचे पाद्री) फतेहपूर सिक्रीला गेले, मुल्लांशी जोरदार वाद झाले आणि त्यात विषय निघाला की आपापला ग्रंथ घेऊन आगीत शिरायचं, जो जिवंत राहील त्याचा धर्म खरा. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल लिहितो आव्हान पाद्रीने दिलं आणि मुल्ला कचरले, दरबारातलाच कट्टर मुस्लिम इतिहासकार बदायुनी लिहितो आव्हान एका शेखचं होतं आणि पाद्रीच मागे हटले, आणि मॉन्सेरातचं म्हणणं की ही देवाची परीक्षा बघणं झालं म्हणून नकार दिला. तिघांचेही इंग्रजी अनुवाद आहेत, एकापाठोपाठ एक वाचाच, एकट्या मॉन्सेरातवर थांबू नका.

कावेरीकाठ: +१. आणि गोव्यातले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण घ्या, १६१६ चं, जवळपास ११ हजार ओव्या, आपल्या मराठीत! पण सोबत त्याच गोव्याची दुसरी बाजूही वाचा, १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं, दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली गेली, त्या संतापातून १५८३ ला कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट मारले, वरचे अक्वाविवा त्यातलेच. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला बोलावून मारलं. हे सोडून नुसत्या ओव्या वाचणं मला पटत नाही.

पानगळ: अक्वाविवा तेच?? बापरे. समोरच्याचा धर्म खरंच मन लावून शिकलेला कोणी आहे का?

उंबरठा: देसिदेरी, इटालियन जेझुइट! १७१६ ला तिबेटात ल्हासाला पोचला, सेरा मठात राहून बौद्ध ग्रंथ शिकला आणि मग पुनर्जन्म, शून्यता (कशालाच स्वतंत्र अस्तित्व नाही हे बौद्ध मत) खोडून काढायला चक्क तिबेटीत ग्रंथ लिहिले. मतं पटोत न पटोत, एवढा अभ्यास करून विरोध करणारा माणूस मला फार आवडतो. तिबेटचं काम रोमने कापुचिन या दुसऱ्या कॅथलिक संघाला दिलं म्हणून त्याला १७२१ ला ल्हासा सोडावं लागलं. त्यानंतर चीन घ्या, पूर्वजांना वंदन केलेलं चालेल की नाही यावर मिशनरी आपापसातच भांडले, १७४२ ला पोपने पक्की बंदी घातली, ती सैल झाली थेट १९३९ ला.

शाईचा_डाग: जेझुइटांची पत्रं वाचाल तेव्हा एक बघा, ती वरिष्ठांना आणि युरोपातल्या वाचकांना कळवायला लिहिलेली असायची, त्यामुळे यश जरा मोठं करून सांगितलेलं असतं.

पानगळ: मग आधी बदायुनी काढतो, त्यावर मॉन्सेरात. थँक्स सगळ्यांना, कुंकळ्ळीवर अजून काही असेल तर टाका.