'हिस्टेरिया'ची एलपी दबकी का वाजते

डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'हिस्टेरिया' अल्बमची १९८७ची एलपी (विनाइल तबकडी) दबकी वाजते ती खराब प्रेसिंगमुळे, म्हणजे तबकडी नीट न छापल्यामुळे, हे म्हणणं मला पटत नाही. खरं कारण लांबी. १२ इंची तबकडीवर ३३⅓ आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) एका बाजूला साधारण २० मिनिटं आरामात बसतात. इथे एकाच तबकडीवर जवळपास साडेबासष्ट मिनिटं कोंबलीत, पहिली बाजू तर ३२ मिनिटांच्या आसपास! त्यासाठी आवाज कोरलेल्या खाचा अरुंद आणि एकमेकींना चिकटून कापाव्या लागतात, म्हणजे आवाजाची लेव्हल खाली आणि बासही (खालचे सूर) कमी. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, की खरखरही तेवढीच वर येते.

शिवाय बाजूच्या शेवटाकडे सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग सेकंदाला सुमारे ५० सेंमीवरून २१वर येतो, म्हणजे तेवढाच आवाज कमी लांबीत दाटतो आणि सुईला तो नीट पकडता येत नाही. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'आर्मागेडन इट' नेमकं तिथेच आहे, त्यामुळे त्यातले 'स' आणि झांजा फाटतात. नवी सुई घेण्याआधी कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या भागाचं) अलाइनमेंट आतल्या खाचांपाशी प्रोट्रॅक्टरने (कोन मोजायच्या पट्टीने) तपासा, ट्रॅकिंगचं वजन (सुईचा तबकडीवरचा दाब) शिफारशीच्या वरच्या टोकाला ठेवा. फाटणं कमी होईल, पण मुळात खाली कापलेली लेव्हल वर येणार नाही. निर्माता मट लँगने रचलेले कोरसचे ते अफाट थर नीट ऐकायचे तर सीडी घ्या, नाहीतर दोन तबकड्यांवर कापलेली नंतरची आवृत्ती शोधा.