मिजलीला शिसं आणि फ्रिऑन या दोन्हींसाठी सारखाच दोष द्यायचा का?

पेट्रोलमध्ये शिसं घालणारा आणि फ्रिजसाठी फ्रिऑन वायू काढणारा अमेरिकन संशोधक थॉमस मिजली, याचं नाव निघालं की लोक त्याला एका दमात खलनायक ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. फ्रिऑन येण्याआधी फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइडसारखे विषारी वायू असत, गळतीने घरातली माणसं मरत. त्यावर त्याने उपाय काढला. फ्रिऑनसारख्या वायूंनी ओझोनच्या थराला होणारा धोका मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवला १९७४ मध्ये. मिजली १९४४ लाच गेला होता. फ्रिऑनसाठी त्याला दोष नाही.

शिशाचं मात्र वेगळं. १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं द्रव संयुग पेट्रोलमध्ये मिसळलं की इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे खडखड ठोके, थांबतं हे त्याला सापडलं. १९२३ मध्ये शिशाच्या बाधेने तो स्वतःच आजारी पडला, रजा घेऊन मायामीला गेला. पुढच्या वर्षी न्यू जर्सीत हे द्रव बनवणाऱ्या बेवे कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, पाच जण. आणि याने पत्रकारांसमोर तेच द्रव हातावर ओतून घेतलं, बाटली मिनिटभर हुंगली! मद्यार्कानेही नॉकिंग थांबतं हे त्याला ठाऊक होतं. हे मी माफ करू शकत नाही.

प्रतिसाद १
तो शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर, विषतज्ज्ञ नव्हे. निर्णय जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइलचे. १९२६ मध्ये सरकारी समितीनेही बंदीचं कारण दिसत नाही असंच म्हटलं. एका माणसाच्या माथी का मारता?

धागाकर्ता
अहो, तो नुसता पगारी नोकर नव्हता, हे शिशाचं द्रव विकणाऱ्या इथिल कंपनीचा उपाध्यक्ष होता. टेट्राएथिल लेडच्या नावातूनच ‘लेड’ म्हणजे शिसं गाळलं त्यांनी, ‘इथिल’ एवढंच ठेवलं. आणि त्याच समितीने पुढे अभ्यास चालू ठेवा असंही बजावलं होतं.

प्रतिसाद २
मी तर फ्रिऑनचीही सूट देणार नाही. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. पुन्हा तेच: मला सोसलं म्हणजे जगाला चालेल. ज्या वायूवर कशाचीच क्रिया होत नाही, तो हवेत सुटल्यावर जातो कुठे, हा प्रश्न शिशानंतर तरी पडायला हवा होता.

प्रतिसाद ३
वडिलांचं कुर्ल्याला गॅरेज होतं. टाकीतलं पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढायचे, कार्ब्युरेटर उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये धुवायचे. मुंबईत पंपावर ‘अनलेडेड’ची (बिनशिशाच्या पेट्रोलची) पाटी लागली १९९५ ला, देशभर शिसं गेलं २००० मध्ये. पाटी वाचून त्यांनी मलाच विचारलं, “म्हणजे आजवर यात शिसं होतं?”