चार बँकांतल्या ठेवी दोन बँकांत आल्या, विम्याचं संरक्षण कसं टिकवावं?

नमस्कार मंडळी, गिरगावातून लिहितोय. आईचा घरखर्च ठेवींच्या व्याजावर चालतो. सगळा पैसा एका ठिकाणी नको म्हणून बाबांनी तिच्या नावावर चार बँकांत एफडी केल्या होत्या: देना, विजया, आंध्रा, कॉर्पोरेशन. २०१९ मध्ये पहिल्या दोन बँक ऑफ बडोदात गेल्या, २०२० मध्ये उरलेल्या दोन युनियन बँकेत. आम्ही काही न करता चाराच्या दोन झाल्या.

ठेव विमा एका बँकेत माणशी ५ लाखांचा. त्यात सगळ्या शाखा, मुद्दल, व्याज सगळं आलं. प्रत्येक बँकेत साधारण चार लाख होते. आता दोन्हीकडे आठ-आठ, म्हणजे तीन-तीन लाख विम्याबाहेर, बरोबर ना? सरकारी बँक बुडणार नाही हे मलाही पटतं. पण २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १००० रुपये काढू दिले होते, तेव्हापासून आईने या बाबतीत धसकाच घेतलाय.

एकाने सुचवलं, काही ठेवी जॉइंट करा: एक 'आई आणि मी', दुसरी 'मी आणि आई'. नावांचा क्रम बदलला की विम्यासाठी वेगळी ठेव धरतात म्हणे. पण पहिलं नाव माझं आलं तर ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर जाणार आणि टीडीएसही माझ्या पॅनवर कापला जाणार. हे कोणी प्रत्यक्ष केलंय का? रिटर्न भरताना ते व्याज आईचं म्हणून दाखवता येतं का?

की सरळ स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआयकडे वळावं? ज्या कोसळल्या तर सगळ्या अर्थव्यवस्थेला धक्का बसेल अशा बँकांच्या रिझर्व्ह बँकेच्या यादीत या तीनच आहेत. पण सगळेच तिकडे गेले तर पैसा आणखीच मोजक्या हातांत जाणार, आणि हे मला मनापासून खटकतं. राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणाला २०१७ मध्ये सरकारने स्पर्धा आयोगाच्या (बाजारातली स्पर्धा टिकते का हे बघणारी संस्था) तपासणीतून दहा वर्षांची सूट दिली. रिझर्व्ह बँक बँकांची तब्येत बघते. मग ठेवीदारापुढचे पर्याय कमी होतायत, हे बघायचं कोणी? जाणकारांनी यावरही जरूर लिहावं.

दोन एफडींची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. त्या आपोआप रिन्यू होण्याआधी निर्णय घ्यायचाय, त्यामुळे जॉइंट ठेवींबद्दल आधी सांगितलंत तर फार बरं होईल.